कोजागिरीसाठी गवयांच्या नावांची कोडी सुचवा (बक्षिसांना एकूण ५०० रुपये)

टिळकवाडीकर:
आमच्या गल्लीत कोजागिरीला गच्चीवर गाणं असतंय. यंदा मधल्या वेळेत शास्त्रीय गवयांच्या नावांवर कोडी घालायची म्हणतोय. माणसं चाळीसभर, निम्म्यांच्या घरी कन्नड. सात-आठ कोडी हवीत. बक्षिसांना सगळे मिळून ५०० रुपये, वर एक पैसा नाही. माझं एक बघा: ‘लग्न न झालेला स्वर्गातला गवई.’ कुमार गंधर्व. चालंल काय?

सुळेभावी_साईड:
त्यांची दोन लग्नं झाली हो! पहिल्याच कोड्याला कुणीतरी उठून उभं राहील. आणि ते आमच्याकडचे, जन्म सुळेभावीचा, १९२४. मूळ नाव शिवपुत्र कोमकळीमठ. त्यावर घाला की: ‘शंकराचा मुलगा, पण सोंडेचा नव्हे.’

निपाणीचा_तवा:
त्यात शिवकुमार शर्मापण बसतात. हे कोडं मी ऑफिसच्या पिकनिकला घातलेलं, दोन टेबलांत भांडण लागलं आणि जेवण गार झालं. सोबत ‘संतूर नाही वाजवत’ एवढं तरी जोडा.
माझं हुकमी: ‘दुसरा पांडव फौजेसकट आला आणि पंचांग उघडून बसला.’ भीमसेन जोशी. शेंबडं पोरगंसुद्धा सांगतंय.

चांदीचा_वर्ख:
बक्षीस चांदीचं नाणं द्या. आम्ही दिलेलं, लोक अजून नाव काढतात.

टिळकवाडीकर:
५०० रुपये हो. एकूण.

चांदीचा_वर्ख:
मग लहान नाणं द्या.

पेटीवाल्या_काकू:
कोडी पडद्यावर लिहून दाखवू नका, माईकवर दोनदा म्हणा. लिहिलेलं दिसलं की माणसं फोटो काढून फोनात शोधत बसतात. आणि प्रत्येक कोड्याला दोन टोकं ठेवा, एक नावाचं, एक माणसाचं. नुसतं नाव फोडलं की चार उत्तरं येतात. हे बघा: ‘जन्म मिरजेचा, आडनाव गायकवाडांच्या राजधानीचं, पुढं रत्न.’ हिराबाई बडोदेकर. आणि कन्नड घरांसाठी: ‘मोगऱ्यामागं तिसरा पांडव, मनात सूर, गाणं जयपूर-अत्रौलीचं.’ मल्लिकार्जुन मन्सूर. मोगऱ्याला ‘मल्लिगे’ म्हणणाऱ्या बायका तुमच्या आधी हात वर करतील.

शहापूरचा_कुंदा:
‘मन्सूर’ लिहितात, ‘मनसूर’ नव्हे. कोडं बाद.

पेटीवाल्या_काकू:
माईकवर जोडाक्षर दिसत नाही, बाळ.

शहापूरचा_कुंदा:
ते राहू दे. बक्षीस खव्याचा कुंदा द्या, दुसरं काही शोभत नाही.

गोकाक_एक्स्प्रेस:
गूळ-सुकामेव्याचं करदंट! कुंदा दोन दिवसांत संपवावा लागतोय.

शहापूरचा_कुंदा:
आमच्या घरी दोन तासांत संपतोय.

निपाणीचा_तवा:
भीमसेनांचं घातलं काय यादीत?

हार्मोनियम_रिपेर:
सवाई गंधर्वांवर: ‘एक गंधर्व आणि वर पाव.’ पैज लावा, लोक पावभाजीवर जातात. आणि गंगूबाईंवर घालणार असाल तर ‘हनगलची’ म्हणू नका. हनगल गाव आडनावापुरतं, जन्म धारवाडचा, १९१३. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात सूत्रसंचालकानं ठोकून दिलं आणि धारवाडची मंडळी पहिल्या रांगेत बसलेली.

खडेबाजार_बाबू:
सवाई म्हणजे सव्वा, यावर एक होईल बघा.

हार्मोनियम_रिपेर:
वर वाचा.

खडेबाजार_बाबू:
वाचलं नाही, पण सुचलं मला स्वतःला. अजून एक: ‘तराजू नाही, उधारी नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या किराणा.’ अब्दुल करीम खाँ.

सुळेभावी_साईड:
माणूस नव्हे, ते घराणं झालं. त्यात भीमसेन, गंगूबाई, हिराबाई, सगळेच आले.

पेटीवाल्या_काकू:
मग तेच शेवटी विचारा: आजच्या उत्तरांतले किराण्याचे किती? सवाई गंधर्व खाँसाहेबांचे शिष्य, आणि भीमसेन, गंगूबाई सवाईंचे. हिराबाई तर खाँसाहेबांच्या लेकच. इथं पाठांतरवाले अडतात, गाणं ऐकणारे जिंकतात.

टिळकवाडीकर:
सगळ्यांचे आभार. कोडी काकूंच्या पद्धतीनं दोन टोकांची घालतोय, पण पडद्यावरच. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची मोटर चालू झाली की माईक ऐकूच येत नाही. माझं ‘लग्न न झालेला’ मी ठेवणारच, भांडण झालं तर वेळ जातोय. बक्षीस ठरलं: जिंकणाऱ्याला पाचशेचा किराणा, साखर, चहापूड, पोहे. बायकोनं यादी केली पण.

गोकाक_एक्स्प्रेस:
यादीत गूळ आणि सुकामेवा असंल तर करदंट घरीच करता येतंय.

शहापूरचा_कुंदा:
पाचशेत सुकामेवा?