अक्षरं ओळखते, पण शब्द जुळत नाही. कोणते खेळ घ्यावेत?

काजवा
मुलगी सव्वापाच वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमात शिकते. घरी आम्ही मराठीच बोलतो. तक्त्यावरची मुळाक्षरं जवळजवळ सगळी ओळखते. पण 'कमळ' लिहून दाखवलं की "क... म... ळ" म्हणून थांबते, नाहीतर "क कमळाचा, म मगरीचा" सुरू करते. वर्कशीट नको आहेत. रोज १०-१५ मिनिटं खेळता येईल असं काही सुचवा. काना-मात्रा आत्ताच घ्यायच्या की नंतर?

पाटीपुस्तक
काजवा, ती अडखळते त्याचं कारण आपल्या बोलण्यातच आहे. सुटं 'ळ' म्हणताना त्यात 'अ' असतो, पण 'कमळ' म्हणताना शेवटचा 'अ' आपण गिळतो. क, म, ळ हे आवाज तिने नीट ओळीने म्हटले तरी तिच्या ओळखीचा शब्द त्यातून ऐकू येत नाही. म्हणून आधी कार्डं बाजूला ठेवा आणि तीन-चार दिवस फक्त कानाचा खेळ घ्या.

गोगलगाय : तुम्ही गोगलगायीसारखं सावकाश बोला, "नऽऽळ", "बऽऽस", "गऽरऽम". शब्द कोणता ते तिने ओळखायचं. मग तिने गोगलगाय व्हायचं. आवाज लांबवायचा, मध्ये तोडायचा नाही. तोडून बोललात की पुन्हा तीच सुटी अक्षरं.

त्यानंतर कार्डं. सगळी मुळाक्षरं नकोत, ही ८ पुरेत : म, न, क, र, स, ग, ळ, ब. प्रत्येकाची २, म्हणजे १६ कार्डं. यात मन, नळ, रस, गर, बस, कमळ, मगर, नगर, गरम, नरम, सरळ, रबर एवढे शब्द बसतात. गरगर आणि सरसर तर मुलांचे लाडके, कारण वाचून झालं की तसं करून दाखवता येतं. ब आहे म्हणून व मुद्दाम ठेवलेला नाही. तसंच म आहे म्हणून भ नाही.

कार्ड ७ सेंमी चौकोनी, जाड पुठ्ठ्याचं. शिरोरेषा सगळ्या कार्डांवर वरून दीड सेंमीवर, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग दोन कार्डं चिकटवून ठेवली की रेघ जुळते आणि शब्द एकसंध दिसतो. विकतच्या कार्डांत ही सोय क्वचितच असते, म्हणून घरी केलेली बरी. चित्र कार्डावर काढू नका. चित्र समोर असलं की मूल चित्र वाचतं, आणि कमळाला "फूल" म्हणतं.

खेळायचं असं : न ठेवा, ती "नऽऽ" म्हणत राहील, तेवढ्यात ळ सरकवत आणून भिडवा. रेघ जुळायच्या क्षणी शब्द बाहेर पडला पाहिजे. आधी दोन अक्षरी शब्द. दहापैकी आठ न थांबता आले की तीन अक्षरी. "क कमळाचा" सुरू झालं तर टोकू नका, "नुसता आवाज सांग" एवढंच म्हणा.

अनुस्वार
कान्याबद्दल. सगळी मुळाक्षरं पक्की होईपर्यंत थांबू नका, वरची ८ झाली की लगेच घ्या. बिनकान्याच्या शब्दांत आई, बाबा, नाक, कान यातलं काहीच येत नाही, आणि मुलाला वाचायचं असतं नेमकं तेच.

अडीच सेंमी रुंदीची पट्टी घ्या, त्यावर शिरोरेषा आणि काना. अक्षर कार्डाच्या उजव्या कडेला अर्धा सेंमी सोडून काढलेलं हवं, नाहीतर काना लांब पडतो. आता 'मळ' मांडा. पट्टी म नंतर ठेवली की माळ, ळ नंतर ठेवली की मळा, दोन्हीकडे ठेवली की माळा. ग घेऊन गळ, गाळ, गळा, गाळा. चारही खरे शब्द आहेत! एक पट्टी सरकवली की अर्थ बदलतो, हे बघताना मुलांचे डोळे चमकतात. गाळ किंवा गाळा माहीत नसेल तर आधी अर्थ सांगा. ओळखीचा नसलेला शब्द जुळला तरी मुलाला ते कळत नाही.

"म ला काना मा" ही सवय वाचताना लावू नका. लिहिताना ठीक आहे. वाचताना थेट "मा", नाहीतर प्रत्येक शब्दाआधी हा पाढा येतो आणि शब्द विसरला जातो.

कान्यानंतर दुसरी वेलांटी : कळी, नळी, सरी. ती अक्षराच्या उजवीकडे येते, त्यामुळे डोळा आणि आवाज एकाच दिशेने जातात. पहिली वेलांटी डावीकडे लिहायची आणि नंतर म्हणायची, तिथे मुलं हमखास चुकतात. ती शेवटी घ्या, 'मिरी' आणि 'निळी' या शब्दांत दोन्ही वेलांट्या शेजारी दिसतात.

काजवा
खूप आभार. 'बकरी' दिलं तर "ब-क-री" असं सुटंच वाचेल का? आणि घ-ध, ब-व चा गोंधळ होतो त्याचं काय?

पाटीपुस्तक
हो, सुरुवातीला तसंच वाचेल. लिहितो ब-क-री, म्हणतो बक्-री. तोच शब्द तीनदा भरभर म्हणायला लावा, तिसऱ्यांदा बकरी येते. असे शब्द दोन-तीन आठवड्यांनी आणा.

शिरोरेषा
गोंधळणाऱ्या अक्षरांसाठी जोडीचे पत्ते करा, पण एक अक्षर पक्कं झाल्यावरच दुसरं आणा, कमीत कमी आठवड्याचं अंतर ठेवून. घर-धर, घार-धार, बारा-वारा, भाऊ-माऊ. दोन्ही पत्ते उघडे ठेवून शब्द सांगायचा, तिने झडप घालायची. चुकलं तर तिने उचललेला पत्ता तिलाच वाचायला सांगा. भावाला माऊ म्हटलं की चूक तिची तिलाच कळते.

पाठ झालंय की वाचतेय हे तपासायला अधूनमधून 'नकम', 'सगब' असे अर्थ नसलेले शब्द टाका, "राक्षसाची नावं" म्हणून. अंदाजाने वाचणारं मूल इथे अडतं.

कार्डं छापणार असाल तर ल आणि श नीट बघून घ्या. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण येतं. पाठ्यपुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो, तेच वळण ठेवा.