टीम काम करते, पण मनातलं बोलत नाही

प्रश्न: नव्याने सात जणांच्या टीमची जबाबदारी आली आहे. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि अडचण डेडलाइनच्या आदल्या दिवशी कळते. विश्वास कसा कमवायचा?

उत्तर १: वाईट बातमी आणणाऱ्याचं तुमच्यासमोर काय होतं, ते आधी तपासा. "आधी का नाही सांगितलं?" असं तोंडातून गेलं की पुढची बातमी आणखी उशिरा येणार. "बरं झालं सांगितलंत, आता काय मदत लागेल?" एवढंच विचारा, झालेल्या चुकीबद्दलची चर्चा नंतर, एकट्याला बाजूला घेऊन. शिवाय दर पंधरवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास वेगळं बसा. तिथे कामाचा आढावा घेऊ नका, नाहीतर तीही आणखी एक मीटिंगच होते. "कुठे अडतंय?" विचारा आणि गप्प राहा. पहिल्या दोन-तीन भेटींत फारसं काही निघणार नाही, तरी त्या रद्द करू नका.

उत्तर २: "बघतो" म्हणणं बंद करा. "गुरुवारपर्यंत सांगतो" म्हणा, लिहून ठेवा आणि उत्तर नकाराचं असलं तरी गुरुवारी कारणासकट सांगाच.

उत्तर ३: श्रेय देताना नाव आणि नेमकं काम सांगा, तेही वरिष्ठांसमोर. "टीमने छान केलं" कोणालाच पोचत नाही. आणि स्वतःचं मत शेवटी मांडा, नाहीतर बाकीचे त्यालाच दुजोरा देतात.

प्रश्नकर्ता: निर्णय आधीच झालेला असेल तर?

उत्तर ३: तर तसं सरळ सांगा आणि फक्त अंमलबजावणीबद्दल विचारा. ठरलेल्या गोष्टीवर मतं मागितली की पुढच्या वेळी कोणी खरं बोलत नाही.