संशोधकांना माहिती-साक्षरतेचे सक्तीचे प्रशिक्षण असावे का? (‘तळटीप’, ‘उलटतपासणी’ आणि ‘संदर्भकक्ष’ या टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

तळटीप
विद्यापीठातील संशोधकाला माहिती पारखता येतेच, असे आपण गृहीत धरतो. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १० पीएच.डी.धारक इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि २५ पदवी विद्यार्थी यांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायला दिली होती. इतिहासकार समोरचे पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि भारदस्त नावाला व नेटक्या मांडणीला अनेकदा भुलले. फॅक्ट-चेकरांनी मात्र ते पान झटकन बाजूला ठेवून, त्या संस्थेविषयी इतरत्र काय लिहिले आहे हे आधी पाहिले. अभिलेखागारात कामी येणारी बारीक वाचनाची सवयच इथे नडली. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात माहिती अशी इतरत्र पडताळून पाहण्याचे सक्तीचे प्रशिक्षण हवे, असे माझे मत आहे.

उलटतपासणी
निदान चुकले आहे. विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये, रसायनशास्त्राचे प्राथमिक ज्ञान असलेल्यालाही खटकाव्यात अशा चुका मुद्दाम पेरून एका बनावट शोधनिबंधाच्या आवृत्त्या ३०४ ओपन ॲक्सेस (वाचकांना विनामूल्य खुल्या) नियतकालिकांकडे पाठवल्या, आणि १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. लेखकाकडून पैसे घेऊन काहीही छापणारी अशी दुकाने चालतात ती केवळ अजाण लेखकांच्या जिवावर नव्हे. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते, तोवर आपण काय विकत घेत आहोत हे पुरते ठाऊक असलेले गिऱ्हाईक त्यांना मिळत राहणारच. झोपेचे सोंग घेतलेल्याला कोणता वर्ग जागे करणार? व्यवस्थेचे खापर संशोधकाच्या माथी फोडण्याचा हा सोयीस्कर प्रकार आहे.

संदर्भकक्ष
ग्रंथालयात मला दिसतो तो घोळ याहून साधा आहे. संशोधक निबंधाची पीडीएफ एकदा उतरवून घेतो आणि पुढे अनेक वर्षे तीच वापरतो. दरम्यान निबंध मागे घेतला गेला, तरी त्या जुन्या फाइलवर शिक्का उमटत नाही. निबंधाचा डीओआय (त्याचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख-क्रमांक) पुन्हा उघडणे किंवा मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या माहितीसाठ्यात शोधणे (२०२३ पासून तो सर्वांना खुला आहे) हे मिनिटभराचे काम असते. संदर्भ साठवून ठेवण्याचे सॉफ्टवेअर झोटेरो तर अशा नोंदीवर आपणहून लाल पट्टी दाखवते.

उलटतपासणी
मग ते काम सॉफ्टवेअरवरच सोपवावे. त्यासाठी सक्ती कशाला?

तळटीप
कारण लाल पट्टी येते ती निबंध मागे घेतल्यानंतर. कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्याविषयीचा, सर्जिस्फिअर कंपनीच्या विदेवर (डेटावर) बेतलेला निबंध ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. त्या मधल्या दिवसांत त्याच्या आधारावर जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला होता. ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६ हजार रुग्णांची विदा एका अपरिचित कंपनीकडे कशी, हा प्रश्न तेव्हाच विचारता येत होता. निबंधात २१ एप्रिलपर्यंतचे ऑस्ट्रेलियातील ७३ कोविड-मृत्यू धरले होते, तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या खुल्या आकडेवारीत त्या तारखेला ६७ होते. ही विसंगती पकडायला वैद्यकशास्त्र लागत नव्हते, दुसरे पान उघडावे लागत होते.

उलटतपासणी
ती विसंगती पकडणाऱ्यांनी असा कोणताही सक्तीचा वर्ग केलेला नव्हता. शिवाय नियतकालिकाच्या परीक्षकांच्या नजरेतून ती निसटली, त्यांचे काय?