रास्ता रोकोत काच फुटल्याशिवाय दखल घेत नाहीत का?

कांदाचाळ :
कांद्याच्या भावासाठी चांदवड चौफुलीवर बसायचं ठरतंय. परवाच्या बैठकीत पोरांचं एकच टुमणं, "काच फुटल्याशिवाय प्रांत अधिकारी गाडीतून उतरत नाही." दाखलाही तयार. २०१६ पासून आरक्षणासाठी मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे निघाले, रस्त्यावरचा कचरासुद्धा उचलला, हाती काय पडलं? जुलै २०१८ ला चाकणला बसगाड्या जळाल्या, नोव्हेंबरात १६ टक्के आरक्षणाचा कायदा झाला. मला हे पटत नाही, पण तिथं उत्तर सुचलं नाही. जाणकारांनी बोलावं.

घाटमाथा :
गणित कच्चं आहे. मागासवर्ग आयोगाकडे हा विषय २०१७ पासून होता, अहवाल आला नोव्हेंबर २०१८ ला, त्यावर विधेयक. आणि मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं कायदाच रद्द केला. ५० टक्क्यांची मर्यादा का ओलांडली, याचं उत्तर जळक्या बसकडे नव्हतं.

सडेतोड :
मग शेतकऱ्यांच्या लाँग मार्चचं सांगा. ६ मार्च २०१८ ला नाशकातून निघाले, पेठ-सुरगाण्याच्या बाया फोडांनी सोलवटलेल्या पायांनी चालल्या. दहावीच्या पोरांचा पेपर बुडू नये म्हणून सोमय्या मैदानातून रातोरात आझाद मैदान गाठलं. मुंबईकर चपला-पाणी घेऊन आले, सरकारनं लेखी दिलं. तर मग वनजमिनींसाठी २०१९ ला आणि २०२३ ला पुन्हा का निघावं लागलं? सभ्य माणसाला हेलपाटेच.

जुना_बिल्लेवाला :
हेलपाटे खरेच, नाकारत नाही.
मी १९८० ला शेतकरी संघटनेच्या आंदोलनात होतो. कांद्याला भाव आणि उसाला टनाला ३०० रुपये मागत होतो. संघटनेचे नेते शरद जोशी सांगायचे, रस्त्यावर बसा, दगड उचलू नका. तरी खेरवाडीच्या रेल रोकोत गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. पुढच्या वर्षी निपाणीला तंबाखूवाले तीन आठवडे हायवेवर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळ्या चालल्या, बारा गेले. तेव्हा अहिंसा म्हणजे सुरक्षित काम, असं पोरांना सांगू नका. खोटं पडाल.

सांगायचंच तर हे सांगा. आमच्या गावातला एक पोरगा, दगड मारला की नाही देव जाणे, पण मोबाईलच्या व्हिडिओत दिसला. सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचं कलम ३५३ लागलं. पुढे पोलीस भरतीत ग्राउंड काढलं, लेखी काढली, आणि चारित्र्य पडताळणीत नाव कटलं. कोर्टाची तारीख असली की बाप मजुरी बुडवून सोबत जातो. स्टेजवरून "पेटवा" म्हणणाऱ्यावर जमावबंदीचा किरकोळ गुन्हा, तोही मागे घेतला. मोठ्या नुकसानीचे गुन्हे मात्र माफीतून वगळतात. सरकारला कोण सापडतं, ते बघा.

बसायचंच तर ट्रॅक्टर आडवे लावा, ट्रॉलीभर कांदा ओता, सरकारची अडचण झालीच पाहिजे. ॲम्ब्युलन्सला एक लेन मोकळी. प्यालेला दिसला की घरी पाठवा. तोंड बांधलेला अनोळखी गडी पुढं घुसला तर आधी त्याला विचारा, कुठल्या गावचा. बाया पुढच्या रांगेत, पण त्यांनाच विचारून. (चांदवडला १९८६ ला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं होतं, त्या कुणाच्या मागं उभ्या नव्हत्या.)

घटनाप्रेमी :
पण रास्ता रोको तरी का? २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं होतं की घटनेचे मार्ग खुले असताना सत्याग्रहसुद्धा सोडला पाहिजे.

जुना_बिल्लेवाला :
खुले असताना, हे तुम्हीच लिहिलंत. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, तेव्हा कांदा शेतात होता. कुणी विचारलं आम्हाला? निवडणुकीला अजून काही महिने होते, कांदा तेवढे दिवस थांबतो का? महाडला १९२७ ला तळ्यावर जाऊन पाणी बाबासाहेबांनीच प्यालं. नंतर माणसांना मार बसला, तेव्हा उलट हात उचलू दिला नाही. मी त्या दोन्ही गोष्टी एकत्र धरतो.

सडेतोड :
भाव मिळेल याची हमी मात्र तुमच्याकडे पण नाही.

जुना_बिल्लेवाला :
नाही. दगडाकडे पण नाही.

कांदाचाळ :
बिल्लेवाले काका, तो भरतीवाला पोरगा बैठकीला येईल का? माझ्यापेक्षा त्याचं ऐकतील.

जुना_बिल्लेवाला :
विचारतो. गुरुवार सोडून ठेवा, त्याची तारीख आहे.