मदत हवी आहे: अज्ञानाचा करार शून्य, मग कायद्याचं अज्ञान का चालत नाही? (अर्जंट)

मी_अमळनेरी
परवा इंटर्नल आहे, बिझनेस लॉ. पुस्तकात एका पानावर लिहिलंय की अज्ञानाने केलेला करार शून्य असतो. चारच पानं पुढे म्हणतात कायद्याचं अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. दोन्ही खरं कसं? माणसाला माहीत नसेल तर करार शून्य होतो की नाही, एवढंच सांगा. सरांना विचारलं तर म्हणे नीट वाच. नीटच वाचतोय, तीनदा वाचलं. लांबण लावू नका प्लीज.

वकिली_बाकी
कोणतं वर्ष, कोणतं प्रकरण, कलम काय दिलंय? काहीच लिहिलं नाहीस. अंदाजाने सांगतो, तुझा घोळ करार कायदा १८७२ च्या कलम २० आणि २१ मध्ये झालाय. दोन्ही बाजूंची वस्तुस्थितीबद्दल चूक असेल तर ठराव (ठरलेला व्यवहार) शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालाच नाही. म्हणजे बैलाचा सौदा सकाळी झाला, पण बैल रात्रीच मेला होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता. पण 'असा कायदा आहे हे मला ठाऊक नव्हतं' म्हणून सुटका नाही. गंमत म्हणजे परदेशातल्या कायद्याबद्दल चूक झाली तर ती वस्तुस्थितीची चूक धरतात.

मी_अमळनेरी
दादा, 'चूक' हे वेगळं प्रकरण आहे, ते झालंय माझं. मी अज्ञान विचारतोय.

वकिली_बाकी
अज्ञानातूनच चूक होते ना रे.

दस्तलेखक_धुळे
मुळात करार म्हणजे काय ते आधी समजून घ्या. स्टॅम्पपेपरवर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्याशिवाय कराराला अर्थ नाही. पूर्वी १०० चा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चाच घ्यावा लागतो. बाकी सगळी हवा.

वकिली_बाकी
काका, माफ करा, पण हे चूक आहे. कलम १० मध्ये स्टॅम्पचा शब्दसुद्धा नाही. मुक्त संमती, करार करायला पात्र माणसं, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश आणि तो ठराव कुठे स्पष्टपणे शून्य ठरवलेला नसणं, एवढं पुरतं. तोंडी करारही करारच. जमिनीच्या विक्रीसारखं जिथे कायदाच लेखी आणि नोंदणी मागतो ते वेगळं.

दस्तलेखक_धुळे
तोंडी करार कोर्टात सिद्ध करून दाखवा, मग बोलू. एकतीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसतोय मी.

वकिली_बाकी
सिद्ध करणं अवघड असणं वेगळं आणि करारच नसणं वेगळं.

केळीबाग_रावेर
तोंडी सौद्याचं माझ्याकडून ऐका. मागच्या मे महिन्यात नवती, म्हणजे नव्या लागवडीच्या, केळीबागेचा सौदा केला. व्यापारी बाग पाहून गेला, भाव ठरला, वीस हजार बयाणा हातात दिला. कापणी गुरुवारी, वजन तेव्हाच करायचं. बुधवारी रात्री वादळ आलं. सकाळी पाहतो तर बाग आडवी, घडासकट. व्यापारी म्हणे माल नाही तर पैसे नाहीत, बयाणा परत द्या. मी म्हटलं सौदा झाला तेव्हाच बाग तुमची झाली. कोण बरोबर?

मी_अमळनेरी
काका, इथे केळी नका आणू हो. परवा पेपर आहे.

नंदुरबारी_मिरची
रावेरकर, पंचनामा झाला का? विमा होता का? आमच्याकडे मिरची पथारीवर असताना पाऊस आला की हीच कथा.

केळीबाग_रावेर
विम्याचं नाव काढू नका, बीपी वाढतं.

वकिली_बाकी
रावेरकर काका, वाईट वाटतं, पण व्यापारी बरोबर आहे. हा वस्तू विक्री कायदा, १९३०. कापून द्यायचं ठरलेलं उभं पीक 'वस्तू'तच येतं. पण घड कापून द्यायचे होते, वजन व्हायचं होतं, किंमत त्या वजनावर निघणार होती. विकणाऱ्याने करायची ही कामं बाकी असतील तर मालकी पुढे जात नाही. कलम २१ आणि २२ बघा. आणि वेगळं काही ठरलं नसेल तर कलम २६ प्रमाणे जोखीम मालकीबरोबर जाते. बाग बुधवारी रात्री तुमचीच होती.

केळीबाग_रावेर
म्हणजे वाराही व्यापाऱ्याच्या बाजूने.

दस्तलेखक_धुळे
लिहून घेतलं असतं तर? 'सौद्याच्या दिवसापासून नुकसान घेणाऱ्याचं' एवढी एक ओळ.

वकिली_बाकी
हे मात्र काकांचं शंभर टक्के बरोबर.

मी_अमळनेरी
माझा प्रश्न कोणी वाचला का??

भुसावळची_ताई
वाचला. मी बी.कॉम.च्या मुलांच्या शिकवण्या घेते. भाऊ, पुस्तकातलं ते वाक्य जसंच्या तसं लिही. त्याच्या वरचं वाक्यही लिही. तू सारांश सांगतो आहेस आणि सगळे त्या सारांशाला उत्तरं देत आहेत.

मी_अमळनेरी
वरचं असं आहे: करार करणारी व्यक्ती सज्ञान असावी, तिचं मन विकल नसावं आणि तिला कोणत्याही कायद्याने अपात्र ठरवलेलं नसावं. मग म्हणतात अज्ञानाने केलेला करार प्रारंभापासून शून्य. म्हणजे ज्ञान पाहिजे ना कराराचं?

भुसावळची_ताई
अरे बाबा! 😄 सज्ञान म्हणजे ज्ञानी नव्हे. सज्ञान म्हणजे १८ वर्षं पूर्ण झालेला. अज्ञान म्हणजे अल्पवयीन, मायनर! इथे 'अज्ञान' हे माणसाला म्हटलंय, त्याच्या न कळण्याला नाही. 'अज्ञानाने केलेला' म्हणजे 'अल्पवयीन मुलाने केलेला'. चार पानं पुढचं अज्ञान मात्र खरंच न कळणं. शब्द एकच आहे, पण कायद्याच्या मराठीत पहिल्याचा अर्थ निराळा.

वकिली_बाकी
हात्तिच्या. मी उगाच कलम २० पासून चालत आलो.

मी_अमळनेरी
हे पुस्तकात एका कंसात लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

भुसावळची_ताई
काहीच नाही. दरवर्षी दोनतीन मुलं इथेच अडकतात, तू पहिला नाहीस. आता पुढचं पाठ न करता समजून घे. कलम ११ फक्त एवढंच म्हणतं की सज्ञान माणूस करार करायला पात्र. अज्ञानाचा ठराव शून्य की शून्यकरणीय (मागाहून रद्द करता येण्याजोगा), हे कलमात लिहिलेलंच नाही. ते ठरलं १९०३ मध्ये, मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात. कलकत्त्याच्या धर्मोदासने १८९५ साली सावकाराला २० हजारांसाठी घर गहाण लिहून दिलं. तो अज्ञान होता आणि सावकाराच्या माणसाला तशी सूचनाही मिळाली होती. प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) म्हणालं, ठराव मुळापासूनच शून्य. शून्यकरणीय असता तर मोठं झाल्यावर धर्मोदासला 'मान्य' किंवा 'अमान्य' म्हणता आलं असतं. शून्याला मान्यता देता येत नाही. म्हणून १८ वर्षांचा झाल्यावर मुलगा म्हणाला 'तो जुना व्यवहार मला मंजूर', तरी उपयोग नाही. नवा करार, नवा मोबदला लागतो.

धाक, दडपण, फसवणूक यांनी संमती घेतली तर मात्र करार शून्यकरणीय. ज्याला फसवलं, त्याच्या मर्जीवर. हा फरक लिहिलास तर कोणी मार्क कापणार नाही.

मी_अमळनेरी
ताई, आते समजनं! पण मग दुकानदाराने सोळा वर्षांच्या मुलाला उधारीवर दिलं तर बुडालेच?

भुसावळची_ताई
गरजेच्या वस्तू असतील तर कलम ६८. त्याच्या ऐपतीला शोभतील अशा गरजा असतील तर पैसे त्याच्या मालमत्तेतून मिळतात, त्याच्यावर व्यक्तिशः जबाबदारी नाही. महागड्या मोबाइलची उधारी यात बसवायला जाऊ नकोस.

दस्तलेखक_धुळे
पोरा, तुमच्याकडे शेती आहे का? सातबारा काढ आणि नावापुढे 'अ.पा.क.' दिसतं का बघ. त्याचा अर्थ अज्ञान पालन कर्ता. माझ्यासमोर लोक येतात, म्हणतात काका हे आडनाव कुणाचं घुसवलं तलाठ्याने.

मी_अमळनेरी
काका, आता मोबाइलवर काढला. दीड एकर आजोबांनी माझ्या नावावर घेतलं होतं, मी सहावीत असताना. माझं नाव, पुढे अ.पा.क. आणि मग आईचं नाव. इतकी वर्षं मला वाटायचं ते आईच्या नावाचं काहीतरी लघुरूप आहे. पण मी अज्ञान होतो, मग हा व्यवहार शून्य नाही का?

भुसावळची_ताई
प्रश्न छान विचारलास. नाही. पैसे आजोबांनी दिले, तुझ्यावर बोजा काहीच नाही, फायदा फक्त तुझा. घेणारा अज्ञान चालतो, बांधला जात नाही एवढंच. भागीदारीतही तसंच. १९३२ च्या कायद्यात कलम ३० प्रमाणे अज्ञानाला फक्त लाभांमध्ये सामील करता येतं, तेही सगळ्या भागीदारांच्या संमतीने.

दस्तलेखक_धुळे
तुला १८ झाली ना? मग वयाचा पुरावा लावून तो शेरा कमी करायचा अर्ज दे. सरकारच्या ई-हक्क वेबसाइटवर घरबसल्या होतो. उद्या पीककर्ज काढायला जाशील आणि बँक म्हणेल तुम्ही अजून अज्ञान आहात.

नंदुरबारी_मिरची
बी.कॉम. नंतर तीन वर्षांचं एलएलबी कर, सीईटी आत्तापासून बघ. माझ्या पुतण्याने केलं. तो आता भरीत पार्ट्याच जास्त करतो, पण सनद आहे.

वकिली_बाकी
पार्टी कुठे असते ते सांगा. कळण्याची भाकरी असेल तर येतो.

मी_अमळनेरी (दोन दिवसांनी)
पेपर झाला. अज्ञान आलंच नाही. मोहरी बीबी नाही, कलम ११ नाही, काही नाही. दहा मार्कांचा प्रश्न होता: विक्रीत मालाची जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे केव्हा जाते, उदाहरणासह स्पष्ट करा.

केळीबाग_रावेर
मग? लिहिली का माझी बाग?

मी_अमळनेरी
लिहिली काका. बुधवारची रात्र, वीस हजार बयाणा, सगळं. दीड पान झालं.

केळीबाग_रावेर
बयाणा मी परत दिला, तेही लिहायचं होतं.