बोअर गेज म्हणतो ओके, गो प्लग शिरतच नाही

चाकण_सीएनसी: ६०८२ ग्रेडच्या अॅल्युमिनियमचा बुश (शाफ्टवर बसणारी नळी) आहे. बोअर (आतलं भोक) ४० एच७ टॉलरन्सचा, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिमी. बाहेरचा व्यास ५०, लांबी ३०. तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये धरून फिनिश (शेवटचा) कट. जॉब चकमध्ये असतानाच डायल बोअर गेजने (भोकाचा व्यास काट्यावर दाखवणारा गेज) ४०.०१२ मिळतं, कुठल्याही दिशेने फिरवून बघितलं तरी तेवढंच. क्यूसीमध्ये (तपासणीत) मात्र गो प्लग, म्हणजे बरोबर मापाच्या बोअरमध्ये शिरायलाच हवा तो दंडगोल गेज, तोंडाशीच अडतो. गेज ४०च्या स्टील मास्टर रिंगवर (अचूक मापाची कडी) झीरो केलेला आहे. कोणाचं खरं धरायचं?

गेजरूम: आधी काटा कुठल्या बाजूला होता ते सांगा. बोअर गेजमध्ये बोअर लहान झाला की प्लंजर (मोजणारी दांडी) दाबला जातो आणि काटा घड्याळाच्या दिशेने जातो. झीरोच्या पुढे १२ असेल तर बोअर ३९.९८८ आहे. नवीन मुलं इथे हमखास उलटं वाचतात. गेज बोअरमध्ये मागेपुढे झुलवायचा आणि काटा जिथून परत फिरतो तोच आकडा घ्यायचा. डायलही ०.००१चा हवा, २५ मायक्रॉनच्या टॉलरन्सला ०.०१चा चालणार नाही.

वाचन बरोबर असेल तर तापमान बघा. अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. कटनंतर जॉब खोलीपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर ४०च्या बोअरला १४ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे तुमचा ४०.०१२ थंड झाल्यावर ३९.९९८. शिवाय नवा गो प्लग झिजेची सोय म्हणून ४०.०००पेक्षा काही मायक्रॉन मोठाच बनवतात.

अजून एक. जॉब आणि रिंग दोन्ही ३२ अंशांवर असले तरी हिशेब जुळत नाही, कारण स्टील ११.५नेच वाढतं. ड्रॉइंगचं माप २० अंशांचं. त्या तुलनेत बोअर साडेपाच मायक्रॉन मोठा दिसतो.

चाकण_सीएनसी: काटा झीरोच्या अलीकडे होता, म्हणजे बोअर मोठाच. जॉब दोन तास ठेवून पुन्हा मोजला: ४०.००६. बर (कटनंतर कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) काढली, पुसून घेतलं. प्लग तरीही नाही.

सॉफ्ट_जॉ: मग बोअर गोल नाही. भिंत ५ मिमीची. तीन जॉ दाबतात, बुश वाकतो, तुम्ही त्या अवस्थेत गोल बोअर मारता. चक सोडला की भिंत परत येते आणि बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. बोअर गेज दोन टोकांत मोजतो, एक टोक फुगीर भागात असेल तर समोरचं दबलेल्या भागात. म्हणून सगळीकडे सारखाच व्यास. प्लगला मात्र आतलं सगळ्यात लहान वर्तुळ लागतं.

तपासायला तीन पायांचा इंटरनल मायक्रोमीटर घ्या आणि ६० अंश फिरवून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फरक आला की खात्री. तो नसेल तर बुश रोटरी टेबलवर तोंडावरून हलकेच क्लॅम्प करा, आत लिव्हर डायल (बारीक टोकाचा काटा-गेज) लावा. एका फेरीत काटा तीनदा वर, तीनदा खाली जाईल.

उपाय: सॉफ्ट जॉ (मऊ, हव्या आकाराला कापता येणारे जबडे) दाबलेल्या स्थितीत ५०ला बोअर करा, म्हणजे पकड जवळजवळ पूर्ण घेराला मिळेल. रफिंगनंतर (पहिल्या जाड कटनंतर) व्यासावर ०.२ ठेवा, चक सोडा, कमी प्रेशरवर पुन्हा धरा, मग फिनिश. टूलचा ऑफसेट वाढवून, म्हणजे बोअर मोठा करून, प्लग घुसवू नका: प्लग जाईल, पण शाफ्ट तीनच ठिकाणी टेकेल. आणि अॅल्युमिनियममध्ये प्लग जोर लावून फिरवू नका, जॅम होतो.