आकडी आलेलं पोर: आधी तालुक्याचा दवाखाना की परस्पर बेळगाव?

नंदगडकर
गेल्या आषाढात धाकट्याला रात्री तापात आकडी आली. वय दोन वर्षं, वजन 11 किलो. आजीनं कांदा फोडून नाकाशी धरला, शेजारचे काका दातांत चमचा घालायला लागले. मी पोराला उचललं आणि जीपमध्ये बसलो. खानापूर आलं. दवाखान्याच्या फाटकावरचा दिवा दिसत होता. ड्रायव्हरनं विचारलं, "थांबवू काय?" मी म्हटलं, "नको, इथं काय करणार, बेळगावला चल." पुढं 26 किलोमीटर पोरगं मांडीवर हिसके देत होतं. मोबाईलच्या उजेडात बघितलं तर ओठ निळे पडलेले.

बेळगावात कॅज्युअल्टीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "किती वेळ झाला?" मग वजन विचारून नाकात औषधाचे फवारे मारले, ऑक्सिजन लावला, बोट टोचून साखर बघितली. थोड्याच वेळात त्याचे हात सैल पडले. त्या म्हणाल्या, पाच मिनिटांच्या वर गेलेली आकडी आपसूक थांबायची आशा कमी, आणि जितका उशीर तितकी ती औषधालाही दाद देत नाही. फवारा, ऑक्सिजन, साखरेचं मशीन. यातलं काही शहरातच मिळतं असं नाही. म्हणून सांगतो, आकडी चालू असताना वाटेतला दवाखाना ओलांडू नका. पोरगं आता धडधाकट आहे, पण फाटकावरचा तो दिवा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

चिकोडीची आई
दादा, पोर बरं झालं, देव पावला. पण हा सल्ला मी कुणाला देणार नाही. माझी लेक सात महिन्यांची असताना तिला धाप लागली. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. वाटेतल्या एका सरकारी दवाखान्यात थांबलो. "लहान मुलांचं इथं बघत नाही, चिट्टी देतो," म्हणाले. चिट्टीला रजिस्टर पाहिजे, रजिस्टर दुसऱ्या खोलीत, खोलीला कुलूप. मास्क लावला तो मोठ्या माणसाचा, तिचं अख्खं तोंड हनुवटीसकट त्यात बुडालं. चाळीस मिनिटं गेली. शेवटी कोल्हापूर गाठलं, निपाणीवरनं आम्हाला तेच जवळ पडतं. तेव्हापासून ठरवलंय, पोरांचा डॉक्टर जिथं, तिथंच जायचं.

नंदगडकर
ताई, चाळीस मिनिटं गेली त्याचा राग मलाही येतो. पण ती चिट्टीत गेली, थांबण्यात नाही. चिट्टी नको, आधी ऑक्सिजन लावा असं आपण ठणकावून सांगायला पाहिजे.

चिकोडीची आई
मांडीवर पोर तडफडत असताना बाईमाणसानं ठणकावून सांगायचं, आणि ते ऐकतील?

कॅज्युअल्टीतली सिस्टर
बारा वर्षं रात्रपाळी करते. आकडीच्या बाबतीत नंदगडकरांचं बरोबर आहे, तिथं मिनिटं मोजायची असतात. तापातली आकडी बहुधा सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांना येते आणि बऱ्याचदा पाच मिनिटांच्या आत थांबते. तोवर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवणं सोडा. चमच्यानं दात पडलेलं पोर मी बघितलंय. दुसऱ्या कुणाला मोबाईलवर चित्रण करायला सांगा, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. थांबली तरी पहिलीच वेळ असेल तर दाखवायचंच. आणि वजन पाठ ठेवा. फवारा वजनावर द्यायचा असतो, जादा झाला तर श्वास मंदावतो.

ताईंचा रागही रास्त आहे. पण पोर किती आजारी आहे हे ते रडतंय किती यावरून ठरवू नका. कॅज्युअल्टीत रडणारं पोर आलं की आम्हाला धीर येतो. गप पडलेलं, आईकडं न बघणारं, पाय गार पडलेलं पोर आलं की आम्ही धावतो. लहान पोरांचं ब्लडप्रेशर शेवटी पडतं, त्याआधी नाडी पळते. मोठ्या माणसाच्या हिशेबानं बघणारा तिथंच फसतो.

जांबोटीचा मास्तर
एक गोष्ट राहिली, भाषा. आमच्या वाडीतली बाई नव्या डॉक्टरला सांगत होती, "पोरगी डोळे फिरवतेय." रायचूरकडचा तरुण पोरगा, मराठी अजिबात नाही. त्यानं बॅटरी घेऊन डोळेच तपासायला घेतले. मागनं सासू ओरडली, "फिट्स, फिट्स!" तेव्हा त्याचा हात चालला. फिट्स मराठी-कन्नड दोन्ही भाषांत चालतं. धाप असेल तर कन्नडमध्ये "उसिराटद तोंदरे", म्हणजे श्वासाचा त्रास, एवढं पाठ ठेवा.

सीमावासी
मास्तर, हे आपण का पाठ करायचं? दवाखान्यात मराठी समजणारं माणूस मिळणं हा आपला हक्क आहे. पिढ्या गेल्या हे मागण्यात.

जांबोटीचा मास्तर
हक्क सोडा असं मी म्हटलेलं नाही. मोर्चाला तुमच्या पुढं उभा राहीन. पण मध्यरात्री पोराचा श्वास मोर्चाची वाट बघत नाही.

चिकोडीची आई
सिस्टर, धाप कधी वाईट समजायची? आम्हाला सगळीच वाईट दिसते.

कॅज्युअल्टीतली सिस्टर
पोर शांत असताना सदरा वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असेल तर निघा. छाती आत ओढत असेल, दूध ओढत नसेल, ओठ निळे असतील तर मोजत बसू नका. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी घरी ठेवू नका, रात्र असली तरी.

चिकोडीची आई
मोजेन. पण तुम्ही अजून सांगितलं नाही, वाटेतल्या दवाखान्यात लहान मास्क नसेल तर मी तिथं काय म्हणून थांबू? धापेला मी आजही पुढंच जाईन. आकडीचं तेवढं पटलं.

कॅज्युअल्टीतली सिस्टर
मास्क आहे की नाही हे दिवसाउजेडी, पोर बरं असताना जाऊन विचारायचं असतं. कुणीच विचारत नाही.

नंदगडकर
उद्या खानापूरला चाललोय. लहान मास्क आणि नाकातला फवारा आहे का, रात्री कपाटाची किल्ली कुणाकडं असते, सगळं विचारून इथंच लिहितो. ताई, तुमच्याकडचं तुम्ही विचारा.